नाव काढणं

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी शाळेतल्या सरांनी बाबांना पारावर थांबवून सांगितलं, "पोरीने नाव काढलं हो तुमचं." घरी पोचेपर्यंत बाबांनी ते वाक्य निदान चौघांना ऐकवलं असणार. परभणी जिल्ह्यातलं आमचं गाव लहान. पुढे शिकायला बाहेर पडलेल्या मुली बोटांवर मोजता येतील एवढ्या. तिथे हे एक वाक्य म्हणजे जाहीर सत्कार होता.

त्यानंतर तेरा वर्षांनी, जूनमध्ये, पेरणी तोंडावर असताना धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, काय करायलीस? तुझी एक सही लागायलीय. सातबाऱ्यावरून नाव काढायचंय."

शब्द तेच. मराठीत नाव काढणं म्हणजे नाव मोठं करणं, आणि नाव काढणं म्हणजे नाव पुसणंही. कोणता अर्थ घ्यायचा ते सांगणाऱ्याच्या सुरावरून कळतं. भावाच्या सुरात वाकडं काही नव्हतं. येताना खताची पोती घेऊन ये म्हणावं, इतक्या सहज तो बोलत होता. मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला.

मी पुण्यात सर्व्हर सांभाळायचं काम करते. माझ्या कामात नावं काढणं रोजचंच आहे. त्याच सकाळी टीममधला एक नवा मुलगा गोंधळून माझ्याकडे आला होता. सर्व्हरची डिस्क भरली म्हणून त्याने एक भलीमोठी लॉग फाइल उडवली होती. फाइल यादीतून गेली, पण जागा काही मोकळी झाली नाही. "मॅडम, फाइल तर डिलीट केली. मग जागा कोण खातंय?"

मी त्याला म्हटलं, "तू फाइल काढलीच नाहीस. तू फक्त तिचं नाव काढलंस."

संध्याकाळी खोलीवर परतताना ही दोन्ही बोलणी डोक्यात एकमेकांवर आदळत राहिली. नाव काढलं म्हणजे नेमकं काय काढलं? आणि जे काढलं ते मुळात कुणाचं होतं?

*

आपल्याला वाटतं, फाइल म्हणजे तिचं नाव. फोटोला नाव असतं, नावावर बोट ठेवलं की फोटो उघडतो, नाव उडवलं की फोटो जातो. लिनक्स आणि त्याच्या कुळातल्या सगळ्या यंत्रणांमध्ये प्रकार वेगळा आहे. तुमच्या हातातला फोन अँड्रॉइड असेल तर त्याच्या तळाशीही लिनक्सच आहे.

फोल्डर म्हणजे एक वही समजा. डाव्या रकान्यात नाव, उजव्या रकान्यात एक क्रमांक. बस्स, एवढंच. फाइल त्या वहीत नसतेच. ती डिस्कवर दुसरीकडे असते आणि तिची सगळी माहिती त्या क्रमांकाच्या नोंदीत असते: मालक कोण, कुणाला वाचायची परवानगी, कुणाला लिहायची, आकार किती, शेवटचा बदल कधी, मजकूर डिस्कच्या कोणकोणत्या कप्प्यांत पडलाय. या नोंदीला आयनोड म्हणतात. गंमत म्हणजे या नोंदीत सगळं असतं, फक्त फाइलचं नाव नसतं. आपल्याला कोण कोणत्या नावाने हाक मारतं हे फाइलला माहीतच नसतं. तिला एवढंच माहीत असतं की आपल्याला एकूण किती नावं आहेत.

म्हणजे एकाच फाइलला दोन नावं असू शकतात. 'एलएन' नावाची एक छोटी आज्ञा आहे. ती दिली की वहीत दुसरं नाव लिहिलं जातं आणि समोर तोच क्रमांक पडतो. याला हार्ड लिंक म्हणतात. ही नक्कल नव्हे. मजकूर एकच राहतो. एका नावाने उघडून त्यात ओळ लिहिली तर दुसऱ्या नावाने उघडल्यावर तीच ओळ दिसते. आणि फाइल काढायची जी आज्ञा आहे, 'आरएम', ती आतमध्ये जे काम करते त्याचं नाव 'अनलिंक' आहे. ती वहीतली एक ओळ खोडते आणि नावांचा आकडा एकने कमी करते. आकडा शून्य झाला आणि त्या वेळी कुठलाही प्रोग्रॅम ती फाइल उघडून बसलेला नसला, तरच जागा मोकळी होते. आमच्या मुलाच्या लॉग फाइलचं नाव गेलं होतं, पण एक प्रोग्रॅम तिला हातात धरून बसला होता. तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला आणि जागा सुटली.

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९६९ साली युनिक्स घडवायला घेतलं. १९७४ साली या दोघांनी युनिक्सवर लिहिलेला लेख आजही वाचनीय आहे. त्यात फाइलींबद्दल दोन गोष्टी साध्या भाषेत सांगितल्यात. एक, फाइल कुठल्याही फोल्डरच्या 'आत' नसते, तिचं अस्तित्व नावापासून वेगळं असतं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: एका फाइलच्या सगळ्या नावांचा दर्जा सारखा असतो. पहिलं नाव खरं आणि दुसरं नंतर जोडलेलं, असा भेद यंत्रणा करत नाही. करूच शकत नाही, कारण कोणतं नाव आधी आलं याची नोंदच ती ठेवत नाही. पहिलं नाव खोडा, दुसऱ्याच्या केसालाही धक्का लागत नाही.

कॉलेजात हे शिकवलं तेव्हा मी चार मार्कांचा प्रश्न म्हणून पाठ केलं होतं. त्यात सातबारा दिसायला भावाचा फोन यावा लागला.

*

सातबाऱ्यावर सगळ्यात वर गट नंबर असतो. तो जमिनीचा. खाली खातेदारांची नावं. नावं येतात, जातात, गट नंबर तिथेच असतो. जमिनीला कुणाचं नाव ठाऊक नसतं.

आमची जमीन आमच्याकडे आली तीसुद्धा एक नाव लागलं म्हणून. पणजोबा दुसऱ्याचं वावर कसायचे. परभणी तेव्हा हैदराबाद राज्यात होतं. १९५० साली तिथे कूळकायदा आला आणि कसणाऱ्या कुळांची नावं कागदावर चढायला लागली. आजोबा सांगायचे, आधीही नांगर आपलाच होता, घामही आपलाच होता, पण कागदावर नाव लागलं त्या दिवशी पणजोबा बांधावर पहिल्यांदा बिनधास्त बसले.

आजोबा २००९ मध्ये गेले. आठ एकर. वारसांची नोंद झाली तेव्हा बाबा, काका आणि आत्या अशी तिघांची नावं लागली. दोन वर्षांनी आत्याने हक्कसोडपत्र करून दिलं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदणी झाली, गावी फेरफार झाला, हरकतीची मुदत गेली, नाव निघालं.

सातबाऱ्यावर निघालेलं नाव लगेच दिसेनासं होत नाही. पूर्वी त्याला कंस करायचे. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला, तेव्हापासून कमी झालेल्या नोंदींवर आडवी रेष मारलेली दिसते. युनिक्सच्या वहीत खोडलेल्या नावाचा मागमूस राहत नाही. आमच्याकडे राहतो. जुन्या उताऱ्यावर आत्याचं नाव कंसात आहे, शेजारी फेरफाराचा नंबर आहे. लहानपणी मला वाटायचं, कंसात नाव म्हणजे टोपणनाव असणार.

आत्याचं लग्न १९८५ मधलं. तिच्या आयुष्यावरून कायदा कसा सरकत गेला तेही पाहण्यासारखं आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या वाट्यातला हिस्सा दिला, पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्मामुळे येणारा हक्क मुलांचाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो मुलींनाही दिला, पण ज्यांची लग्नं आधी झाली होती त्यांना वगळून. म्हणजे आत्या बाहेरच. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट उरली नाही: मुलगी जन्माने, मुलाइतकीच. वडील २००५ मध्ये हयात असायलाच हवेत का, यावर पुढे वाद चालला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तशी गरज नाही, हक्क जन्माचा आहे.

म्हणजे कायद्याने शेवटी रिची आणि थॉम्पसनसारखीच भूमिका घेतली. सगळ्या नावांचा दर्जा सारखा. आधी कोण, नंतर कोण, लग्न कुणाचं कधी झालं, काही विचारायचं नाही.

गावाने मात्र वेगळीच लिंक वापरली.

*

हार्ड लिंकला दोन मर्यादा आहेत. ती फोल्डरला लावू देत नाहीत, कारण मग रस्ते गोल गोल फिरायला लागतील. आणि ती एका फाइल सिस्टिममधून दुसरीत जात नाही. कारण साधं आहे: क्रमांक त्या त्या सिस्टिमपुरताच असतो. त्या गावचा गट नंबर १२ वेगळा, या गावचा गट नंबर १२ वेगळा.

ही अडचण सोडवायला दुसऱ्या प्रकारची लिंक आली, सिम्बॉलिक लिंक. आम्ही तिला सिमलिंक म्हणतो. १९८३ च्या बर्कली युनिक्सपासून ती रुळली. सिमलिंक म्हणजे एक छोटी स्वतंत्र फाइल, आणि तिच्या पोटात फक्त एक पत्ता लिहिलेला असतो. तिला उघडायला गेलं की यंत्रणा तो पत्ता वाचते आणि त्या वाटेने जाते. अँड्रॉइडमध्ये 'एसडीकार्ड' नावाची जी वाट दिसते ती अशीच सिमलिंक आहे. तिच्या मागे कार्ड असतंच असं नाही, ती फोनच्या आतल्या जागेकडे बोट दाखवते.

सिमलिंक कुठेही पोचते. दुसरी डिस्क, दुसरी सिस्टिम, काही अडत नाही. पण ती फाइलला धरून नसते, पत्त्याला धरून असते. फाइलच्या नोंदीतला नावांचा आकडा तिच्यामुळे वाढत नाही. ती आहे की नाही हे फाइलच्या गावीही नसतं. तिकडे पत्त्यावरची फाइल हलवली, नाव बदललं, काढून टाकली, तर सिमलिंक तशीच राहते, पण बोट दाखवते ते रिकाम्या जागेकडे. आणि त्याच पत्त्यावर उद्या त्याच नावाची दुसरीच फाइल आली, तर ती मुकाट तिलाच उघडते.

हे नव्या लोकांना समजावताना मी बराच वेळ चांगलं उदाहरण शोधत होते. ते घरातच होतं. माहेर.

माहेर म्हणजे पत्ता. बाप असेपर्यंत बापाचं घर, मग भावाचं घर. पंचमीला वाट त्या पत्त्यावर जाते, दिवाळीला जाते, आणि जोवर तिथे दार उघडणारा आहे तोवर ती हार्ड लिंकपेक्षा काही कमी वाटत नाही. आमची आत्या आली की घर हलायचं. बाबा स्वतः जाऊन हुरड्याची कणसं आणायचे. तिला विचारल्याशिवाय म्हैस विकली जात नसे. सातबाऱ्यावर नाव आहे की नाही याची त्या दिवसांत कुणाला आठवणही नव्हती.

तिने सही केल्यावर बाबा आणि काकांनी वाटणी करून घेतली. चार एकर इकडे, चार एकर तिकडे. विहीर आणि चिंचेचं झाड काकांकडे गेलं. आत्याच्या पंचमीच्या झोक्याचं झाड ते. २०१७ मध्ये काकांनी त्यांचं वावर विकलं आणि ते शहरात गेले. त्यांचीही अडचण होती, पोराच्या शिक्षणाचं कर्ज होतं. घेणाऱ्याने तारेचं कुंपण घातलं.

त्या पंचमीला आत्या आली आणि सवयीने तिकडे गेली. मी सोबत होते. ती तारेशी उभी राहिली. झाड तिथेच होतं. आत काम करणाऱ्या बाईने विचारलं, "कोण पाह्यजे?" आत्या म्हणाली, "कोणी नाही, बाई." आणि आम्ही परत आलो.

तिचं नाव सातबाऱ्यावर असतं तर तिच्या सहीशिवाय ते वावर सगळंच्या सगळं विकताच आलं नसतं. कदाचित तिने सही दिलीही असती. मला तिच्या वतीने रडारड करायची नाही. मला एवढंच दिसतं की विकायच्या आधी तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही उरलं नव्हतं. तिच्यासाठी आकड्यात एकही नाव शिल्लक नव्हतं.

*

आता भावाची बाजू. ती मांडली नाही तर हा लेख खोटा होईल.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. चार एकरांवर आई, भाऊ आणि मी अशी तीन नावं लागली. भाऊ शेती करतो. खरिपात सोयाबीन नाहीतर कापूस, रब्बीत ज्वारी, बहुतेक आपल्या विद्यापीठाचीच परभणी मोती. आईला दवाखान्यात तो नेतो. पाऊस गेला की रात्र त्याची जाते. मी महिन्याला पगार घेते आणि सणाला येते. पीककर्जाला सगळ्या खातेदारांची संमती लागते, म्हणजे प्रत्येक वेळी माझी वाट बघायची. तो म्हणाला, "ताई, तू तर कधी कसणार नाहीस. मग नाव कशाला? बँकवाले दर वेळी विचारायलेत."

हा साधा प्रश्न नाही. जो कसतो त्याची जमीन, हे तत्त्व आमच्या घरात पुस्तकातून आलेलं नाही. आम्ही त्याच्यामुळेच उभे आहोत. पणजोबांना नाव मिळालं ते कसत होते म्हणून. मग मी कुठल्या तोंडाने म्हणू, की मी कसत नाही तरी माझं नाव राहू दे?

मी यावर बरेच दिवस विचार केला. एका टप्प्यावर मला सही करून टाकावी असंच वाटत होतं. मग एक गोष्ट लक्षात आली. कसण्याचा नियम आम्ही सगळ्यांना सारखा लावला नव्हता. आत्या लग्नापर्यंत याच वावरात खुरपायला होती. आईने तीस वर्षं निंदणी केली, कापूस वेचला, आणि तिचं नाव कागदावर आलं ते बाबा गेल्यावर, विधवा म्हणून. काका मात्र विकायच्या आधीची पाच-सहा वर्षं शेतात उतरले नव्हते, बटईने लावत होते. त्यांचं नाव काढा असं कुणी म्हटलं नाही. म्हणजे कसणं हा नियम नव्हता, ते कारण होतं. ज्याचं नाव काढायचं त्याच्यापुरतं बाहेर काढायचं आणि काम झालं की ठेवून द्यायचं.

हे एकट्या आमच्या घराचं नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीखातेदारांमध्ये बायकांचा वाटा सुमारे १४ टक्के होता. कुठल्याही वावरात सोयाबीन काढणीच्या दिवशी डोकी मोजा आणि या आकड्याशी ताडून पाहा. नाव नाही, पण धरून ठेवलंय. आमच्या त्या लॉग फाइलसारखंच. फरक एवढाच की प्रोग्रॅम थांबला की फाइल जाते, आणि या बायका थांबत नाहीत.

हे ओळखणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ऐंशीच्या दशकाच्या शेवटी 'लक्ष्मीमुक्ती' सुरू केली. नवऱ्यांनी आपल्या हयातीत, आपखुशीने जमीन बायकोच्या नावे करायची. ज्या गावात अशा शंभर बायका होतील ते लक्ष्मीमुक्त गाव. पुढे १९९२ मध्ये सरकारनेही बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. मला यात आवडतं ते हे की नाव लावण्यासाठी कुणाचं नाव काढावं लागलं नाही. एलएनची आज्ञा नेमकी तेच करते.

भावाला मी एवढं सगळं फोनवर सांगितलं नाही. कारण एक गोष्ट त्याचीही बरोबर होती. सामाईक नाव म्हणजे सुरक्षा नव्हे. हार्ड लिंकला लोक चुकून बॅकअप समजतात. तसं नसतं. मजकूर एकच असल्यामुळे एकाने आत जाऊन सगळं पुसलं तर दुसऱ्या नावाने उघडल्यावरही कोरंच दिसतं. नाव ठेवलं आणि शेतीकडे ढुंकून पाहिलं नाही, तर ते नाव म्हणजे भावाच्या गळ्यातली नुसती दोरी. पूर्ण वेगळं व्हायचं तर नक्कल करावी लागते, म्हणजे वाटणी. पण चार एकरांच्या वाटण्या करत गेलो तर नातवंडांच्या वाट्याला बांधच बांध येतील.

*

दसऱ्याला मी आत्याकडे गेले. तिला सरळ विचारलं, "सही करताना तुला काय वाटलं होतं?"

ती वाती वळत होती. म्हणाली, "काय वाटायचंय? सगळे बसलेले. साडी आणलेली. तुझा बाप समोर. कोण नाही म्हणंल?"

"नाही म्हणायचं होतं का?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. "तसं नाही गं. मागितलं असतं तर मी दिलंच असतं. भावाहून वावर मोठं आहे का? पण त्या कागदावर लिहिलंय, मी राजीखुशीने सोडलं. सोडायला ते माझ्या हातात कधी होतं? दोन वर्षं नाव होतं म्हणे. मला कुणी सांगितलंही नव्हतं. सही करायला नेलं तवा कळलं, की आपलं नाव हाय म्हणून."

मला जे महिनाभर जुळवता येत नव्हतं ते तिने वाती वळता वळता सांगितलं. हक्क सोडणं वाईट नाही. आपल्या परंपरेत त्यागाला मोठा मान आहे आणि असावा. पण त्यागाच्या आधी एक पायरी असते. वस्तू आपली आहे हे आपल्याला माहीत असावं लागतं, आणि ठेवली तरी नातं तुटणार नाही एवढी खात्री असावी लागते. साडी समोर ठेवून, सगळ्यांना बसवून, आधी कधीच हातात न दिलेली गोष्ट परत मागितली, तर त्याला त्याग म्हणता येत नाही. जे नाही म्हणता येत नाही ते हो म्हणण्याला किती किंमत द्यायची?

आणि उलटंही खरं आहे. सगळी नाती नावावर तोलायची असंही मला म्हणायचं नाही. आमच्या जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई. परंपरा सांगते की लहानपणीच तिला पंढरपूरला दामाशेटींच्या घरी पोचवलं गेलं. ना ते घर तिचं, ना तिथलं काही तिच्या नावावर. स्वतःची ओळख सांगतानाही तिने आपण नामदेवांची दासी, असाच पत्ता दिला. तिचे अभंग आपल्यापर्यंत आले तेही नामदेवांच्या गाथेच्या आधाराने. आज गोदाकाठी गंगाखेडला तिचं मंदिर आहे. पत्त्यावर चालणारी वाटही कधी कधी सातशे वर्षं टिकते. सिमलिंक वाईट नसते. जिथे हार्ड लिंक पोचत नाही तिथे तीच पोचते. तिच्यात विश्वास असतो, आणि विश्वासाशिवाय घर चालत नाही.

पण जनाबाईचं उदाहरण देऊन कुणी माझ्यापुढे कागद सरकवला, तर मी एवढं विचारीन: तिने जो पत्ता सांगितला तो तिने निवडला होता. आत्याने कधी निवडला?

*

मी सही केली नाही.

भावाला सांगितलं: पिकातलं मला काही नको. कर्जाच्या संमतीला तू म्हणशील त्या दिवशी येईन, सुट्टी काढून येईन. तुला सारखं सारखं अडायला नको म्हणून मुखत्यारपत्र करून देते, विक्री सोडून बाकी सगळ्या कामांचं. बांधबंदिस्तीला, बोअरला पैसे लागले तर माझा हिस्सा मी घालीन. फक्त नाव राहू दे.

तो म्हणाला, "मग फरक काय पडला? मीच कसणार, मीच खाणार."

मी म्हटलं, "फरक पडू नये अशीच माझी इच्छा आहे. पण पडायची वेळ आली तर तुला मला विचारावं लागेल. एवढाच फरक."

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "आत्याने असं केलं नव्हतं." मी म्हटलं, "हो, नव्हतं केलं."

मी बरोबर केलं का, याची मला पक्की खात्री नाही. यंत्रात एक नाव राहिल्याने दुसऱ्या नावाला काही वाटत नाही. माणसात वाटतं. हार्ड लिंक वाचवताना मी सिमलिंक तोडली का, हा प्रश्न मला रात्री पडतो. आपल्या पिढीतल्या अनेक मुलींना कधी ना कधी असाच एक फोन येईल. सही करा किंवा करू नका, त्याचं उत्तर या लेखात नाही. पण त्या फोनच्या आधी आपला सातबारा एकदा उघडून पाहा. फोनवरच दिसतो. आपलं नाव तिथे आहे का, एवढं तरी आपल्याला दुसऱ्याने सांगायच्या आधी माहीत असावं.

गेल्या आठवड्यात मी उतारा पुन्हा काढला. वर गट नंबर. खाली तीन नावं: आई, भाऊ, मी. बाबांच्या नावावर आडवी रेष. आत्याचं नाव या उताऱ्यावर नाही, ते मागच्या जुन्या पानावर कंसात आहे. मी दोन्ही पानं फोनमध्ये एकाच फोल्डरमध्ये ठेवलीत.

भाऊबीज चार दिवसांवर आली आहे. आईचा फोन येऊन गेला, ये म्हणाली. भावाचा अजून आलेला नाही. मी तिकीट काढलंय.